रमाबाईंची जमीन

(जुन्नर-आंबेगाव डोंगरपट्ट्यातील शेतकरी महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला विषय दिला आहे ‘पंडिता रमाबाईंचे जीवन’. रमाबाईंचे नाव आपल्याला नवे नाही. संस्कृत शिकलेली बाई, कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, विधवांसाठी शारदा सदन काढणारी, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणणारी. हे सगळे आपण ऐकलेले असते. पण आमच्या एका बैठकीत त्यांचे नाव निघाले, तेव्हा एका मावशींनी मला सरळ विचारले, “ताई, एवढ्या शिकलेल्या बाईचा आणि आमच्या भातखाचराचा काय संबंध?”

प्रश्न रास्त होता. म्हणून आज मी रमाबाईंच्या पोथ्या आणि पदव्या जरा बाजूला ठेवते आणि त्यांच्या जमिनीविषयी बोलते. रमाबाईंच्या घराण्याची गोष्ट जमिनीपासून सुरू होते. जमीन सुटली तशी ते घर मोडले, आणि पुढे जमीन मिळाली तेव्हा त्याच घरातल्या एका मुलीने शेकडो मुलींना उभे केले.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे हा गुन्हाच मानत. लोकांचा विरोध झाला, तेव्हा अनंतशास्त्री बायकोला घेऊन रानात गेले. कोणते रान? आपला हाच सह्याद्री, फक्त खाली कर्नाटकात. गंगामूळ नावाचा डोंगर आहे, तिथून तुंगा आणि भद्रा या नद्या निघतात. तिथे त्यांनी आश्रम बांधला. पहिल्या रात्री अंगावर छप्परही नव्हते आणि रानात वाघ डरकाळ्या फोडत होता, असे सांगतात. आहुप्याच्या किंवा भीमाशंकरच्या रानाशेजारी राहणाऱ्या बायांना ती रात्र मी समजावून सांगायला नको. त्या रानात त्यांनी घर केले, विद्यार्थी शिकवले, आणि तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या.

पण शास्त्रीबुवांच्या दारी येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ असे. विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे. सगळ्यांना जेवू घालायचे. खर्च वाढला, कर्ज झाले, जमीनजुमला गेला. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना घर सोडावे लागले. वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्याकडे तान्ह्या लेकराला टोपलीत घालून माणसे कामावर निघतात, तसेच. तिथून पुढे कितीतरी वर्षे हे कुटुंब तीर्थे फिरत राहिले. देवळात, नदीच्या घाटावर बसायचे, पुराणे वाचायची, लोक दक्षिणा देतील त्यावर राहायचे. घर नाही, गाव नाही, शेत नाही.

अशा घरावर दुष्काळ आला की काय होते? १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. आधी पैसे संपले. मग दागिने विकले, चांगले कपडे विकले, शेवटी तांब्यापितळेची स्वयंपाकाची भांडी विकली. सगळे संपल्यावर ही माणसे रानात गेली. अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर, एवढ्यावर काढले. थोड्याच महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले दोघे भाऊबहीण, श्रीनिवास आणि रमा. दोघे अनवाणी उत्तरेला चालत गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात बसले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली.

रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी एक गोष्ट लिहिली आहे. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या म्हणतात, आम्हाला शास्त्रे येत होती, पण पोट भरेल असे हाताचे काम कुणी शिकवले नव्हते. आणि मोलमजुरी करायला जातीचा अभिमान आड येत होता. हजारो श्लोक तोंडपाठ असलेले कुटुंब उपाशी मेले, कारण पायाखाली जमीन नव्हती आणि हाताला काम नव्हते.

आता थोडे भराभर सांगते. १८७८ साली भाऊबहीण कलकत्त्याला पोचले आणि तिथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा मोठा सन्मान झाला. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. ते वेगळ्या जातीचे होते. १८८२ साली पतीही गेले. वय अवघे तेवीस, पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुण्याला आल्या, मग इंग्लंडला गेल्या, तिथे १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. तिथून अमेरिका. तिथल्या लोकांनी त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन काढली आणि दहा वर्षे मदत करायचे वचन दिले. त्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

इथे मी थांबते, कारण आपल्या विषयाचे मूळ इथे आहे. दहा वर्षांची मदत! आपण संस्थांत काम करणारी माणसे अशी मदत मिळाली तर काय करतो? इमारत बांधतो, गाडी घेतो, दोन माणसे नेमतो. रमाबाईंनी विचार केला की दहा वर्षांनंतर काय? ज्या बाईने लहानपणी दुसऱ्याच्या दक्षिणेवर जगून पाहिले होते, तिला दक्षिणा कधी थांबते हे चांगले ठाऊक होते. म्हणून मदतीची मुदत चालू असतानाच त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावजवळ जमीन घेतली. शंभर एकरांच्या आसपास. विहिरी खोदल्या. आंबा, संत्री, लिंबू लावले. हेतू एवढाच की मदतीची मुदत संपेपर्यंत झाडे फळाला येतील आणि मुलींचे पोट बागेच्या उत्पन्नावर भरेल.

मायबहिणींनो, केडगाव म्हणजे आपला घाटमाथा नव्हे. तो कोरडा मुलूख, पाऊस थोडा, वारा फार. पुण्याच्या शहाण्या माणसांना वाटले असेल, पंडिता बाईला हे काय सुचले? पण फळझाड लावणारा माणूस नेहमी पुढच्या पाच-सात वर्षांचा हिशेब करतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो झाड लावत नाही. रमाबाईंनी झाड लावले याचा अर्थ त्यांनी त्या मुलींच्या उद्यावर विश्वास ठेवला.

आणि ती जमीन बागेच्या आधीच कामाला आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकून रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ, रस्त्यावर पडलेल्या मुलींना घेऊन आल्या. थोड्या काळात तीनशेच्या आसपास मुली जमल्या. नेमके तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले. कुठे न्यायच्या? केडगावच्या शेतावर. आधी तंबू आणि गवती छपरे, मग पक्की बांधकामे. त्या जागेचे नाव ठेवले मुक्ती. १९०० च्या सुमारास गुजरातचा दुष्काळ आला, तेव्हा मुक्तीतल्या मुलीबायांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

त्या मुलींना रमाबाईंनी काय शिकवले? लिहिणे-वाचणे तर शिकवलेच. पण त्याबरोबर शेती, दूधदुभते, हातमाग, तेलघाणा, शिवण, स्वयंपाक, आणि छापखान्यात खिळे जुळवणे. अंध मुलींसाठी वेगळी सोय केली, त्याही हाताने काम करून जगायला शिकल्या. आपल्या घरात जे नव्हते म्हणून घर मेले, तेच त्यांनी प्रत्येक मुलीच्या हातात दिले. पंडितेच्या घरातली मुलगी, पण तिच्या आश्रमात विहिरीचे पाणी ओढणे हे हलके काम नव्हते. त्यांचे मराठी बायबलही तिथल्या मुलींनीच छापले. नांगर आणि छापखाना एकाच आवारात.

इथे कुणी म्हणेल, ताई, बाहेरची मदत तर येतच राहिली ना? होय, आली. हजार-दीड हजार माणसे एकट्या बागेवर जगत नाहीत, हे खरे आहे. पण मदत येण्यापूर्वी आणि मदत कमी पडल्यावर पाय टेकायला त्यांच्यापाशी जमीन होती. मदत करणाऱ्यापुढे त्या मिंध्या नव्हत्या.

आपल्या मंडळ्यांत ज्यांना आपण वडील म्हणतो, त्यांचे काम कळपाची काळजी वाहण्याचे. प्रार्थना चालवायची, भांडण मिटवायचे, आजाऱ्याला भेटायचे, आणि कुणाच्या घरात चूल पेटली नाही हेही पाहायचे. पद कुणाचे का असेना, केडगावच्या मंडळीत हे काम रमाबाईंनी पंचवीस वर्षे केले. प्रार्थनेला उभे राहणारी बाई आणि विहिरीला पाणी किती आले हे विचारणारी बाई, एकच.

शेवटी घरचे दुःख पुन्हा आलेच. एकुलती एक मुलगी मनोरमा, अमेरिकेत शिकून आलेली, आईच्या कामाचा उजवा हात, ती जुलै १९२१ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. रक्ताचे म्हणावे असे मागे कुणी राहिले नाही. पण जमीन ओस पडली नाही. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे. गंगामूळची जमीन अनंतशास्त्रींच्या हातून एका पिढीत गेली. केडगावची जमीन शंभर वर्षांहून अधिक काळ निराधार बायकामुलांना सांभाळते आहे. दोन्हीकडे माणसे उदार आणि विद्वान होती. फरक असा, की केडगावला जमीन कधी उदारपणाच्या भरात संपू दिली नाही. आधी तिच्यात पाणी आणि झाडे घातली, मग तिच्यावर पाहुणे बोलावले.

आता त्या मावशींच्या प्रश्नाकडे येते. आमच्या खाचराचा काय संबंध?

आपल्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी बांधव आहेत. भात, नाचणी, वरई पिकते, हिरडा गोळा करून चार पैसे मिळतात. कुकडी, मीना, घोड या आपल्या नद्या. पाऊस आपल्याकडे पडतो, धरणे आपल्या खोऱ्यांत आहेत, पण पाणी जाते खालच्या बागायतीला. डिंभ्याच्या धरणाने तर तालुक्याला नाव देणारे आंबेगाव गावच पोटात घेतले. भाताची कापणी झाली की आपल्यातली कितीतरी घरे कुलूप लावून खाली बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. द्राक्षे दुसऱ्याची, टोमॅटो दुसऱ्याचे, कांदा दुसऱ्याचा. लेकरे बांधावर. ही वाट मी गेली अनेक वर्षे पाहते आहे, आणि दर वेळी मला तो वेताचा पेटारा आठवतो.

पण याच खोऱ्याने दुसरी वाटही दाखवली आहे. पडकई आपल्याला कुणी बाहेरून शिकवली नाही. उतारावरचे दगड काढायचे, त्याच दगडांची ताल रचायची, माती सपाट करायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि जिथे वरईसुद्धा धड येत नव्हती तिथे भात उभा करायचा. पूर्वी हे काम सगळी वाडी सावडीने करायची, आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. पुढे याच भागात काम करणाऱ्या शाश्वत संस्थेने लोकांबरोबर राहून पडकईची कामे रोजगार हमीत बसवून घेतली. डिंभ्याचे पाणी उतरले की मोकळ्या होणाऱ्या गाळपेर जमिनीत धरणग्रस्तांनी पिके घेतली, जलाशयात आदिवासींनी सहकाराने मासेमारी केली. या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. म्हणजे आपल्या तालीतले दगड साऱ्या जगाने पाहिले. एक खाचर तयार झाले की एका घराचे मजुरीचे काही दिवस कमी होतात. लेकराची शाळा तेवढी वाचते. हे केडगावच्या आंब्याच्या झाडासारखेच आहे.

तेव्हा माझी आज तुमच्याकडे दोन मागणी आहेत.

पहिली, जमीन हातची जाऊ देऊ नका. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असा कायदा आहे. बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७४ साली राज्याने वेगळा कायदाही केला. पण कायदा कागदावर असतो आणि गरज दारात उभी असते. लग्नाचा खर्च, दवाखाना, उचल. कुणी नोटरीचा कागद पुढे करतो, कुणी म्हणतो नुसता अंगठा दे, बाकी मी बघतो. अनंतशास्त्रींची जमीन वाईट व्यसनात गेली नव्हती, चांगल्या कामात गेली होती, तरी गेलीच. लेकीच्या लग्नाचा मांडव मोठा घालण्यापेक्षा लेकीला खाचर राहू द्या.

दुसरी, कागदावर बाईचे नाव लावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की वनपट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यायचा. बाई एकटी कुटुंबप्रमुख असेल, विधवा असेल, तर तिच्या एकटीच्या नावे. हा पट्टा विकता येत नाही, पण वारसाने पुढे मुलांना मिळतो. तो जास्तीत जास्त चार हेक्टरचा, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तुम्ही ती जमीन कसत असलात पाहिजे. घरी गेल्यावर पट्टा काढून बघा, नावे दोन आहेत का. दुसरे नाव राहून गेले असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, घोडेगावला प्रकल्प कार्यालयात अर्ज द्या, आम्ही बरोबर येऊ. हे मी आग्रहाने सांगते, कारण १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. मुलीला वाटा मिळणार की नाही, हे रूढीवर आणि कोर्टाच्या निकालांवर सोडलेले आहे. अशा वेळी पट्ट्यावर लिहिलेले नाव हाच बाईचा आधार. ओळी लावणारी ती, खुरपणारी ती, हिरडा वाळवणारी ती, आणि सात-बाऱ्यावर मात्र ती कुठेच नाही, हे बरे नव्हे.

बंधूंनो, तुम्ही मागे उभे आहात म्हणून तुम्हालाही सांगते. बायकोचे नाव लावल्याने जमीन अर्धी होत नाही. उलट एका अंगठ्याने जाणारी जमीन दोन अंगठ्यांशिवाय हलत नाही. घराचे कुलूप दुहेरी होते.

पंडिता रमाबाईंचा मोठेपणा त्यांच्या ज्ञानात आहेच. पण उपाशी मुलींना आणायच्या आधी त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती, विहीर खणून ठेवली होती, हे मला फार मोठे वाटते. दया पुष्कळांना येते. दयेला पुरेल एवढे धान्य पिकवायचे कष्ट थोडे लोक घेतात. तुमच्यापैकी ज्यांनी या उन्हाळ्यात एक ताल रचली, त्या बायांना मी रमाबाईंच्याच ओळीत बसवीन.

बाहेर आंबा, फणस आणि हिरड्याची रोपे ठेवली आहेत. प्रत्येक घराला दोन. जाताना घेऊन जा आणि पहिला पाऊस झाला की लावा. वनपट्ट्याची प्रत जवळ असेल त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलावर दाखवावी, आमच्या कार्यकर्त्या नावे तपासून देतील. कुणी आजच अर्ज लिहून घेणार असेल तर जेवणानंतर थांबावे.